विश्लेषण : लग्न चर्चमध्ये, पाणी उंबराचे… वसई-विरारमध्ये झाडांतले जुने देव कसे टिकले?

वसईच्या पश्चिम पट्ट्यात ख्रिस्ती लग्नघरातील बायका हळदीच्या वेळी वाजतगाजत विहिरीवर जातात आणि ‘उंबराचे पाणी’ घेऊन येतात. तुंगारेश्वरच्या डोंगराकडच्या पाड्यांवर वारली कुटुंबे झाडाखालच्या वाघोबाला नारळ देतात. विरार-नालासोपाऱ्याच्या सोसायट्यांमध्ये ज्येष्ठ पौर्णिमेला वडाची फांदी कुंडीत खोचून तिच्याभोवती दोरा गुंडाळला जातो. धर्म वेगळे, देव वेगळे, पण मधोमध झाड आहे. ही झाडे कोणत्याही एका धर्मग्रंथाच्या आधाराने पवित्र झालेली नाहीत. मग ती कशी झाली, बंदी आणि धर्मांतरातूनही कशी टिकली आणि आता रस्ते-इमारतींच्या रेट्यात त्यांचे काय होते आहे?

उंबराचे पाणी म्हणजे काय?

वसईपासून मुंबईपर्यंतच्या मराठीभाषक ख्रिस्ती समाजात लग्नाआधी नवरा किंवा नवरीला हळद लावून आंघोळ घालण्याची प्रथा आहे. या आंघोळीचे पाणी विहिरीवरून समारंभाने आणायचे असते. घरातल्या बायका कळशा घेऊन निघतात, पुढे वाजंत्री असते, वाटेत गाणी म्हटली जातात. या सगळ्या प्रकाराला नाव आहे उंबराचे पाणी. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये लग्नाचा मिस्सा होतो, धर्मगुरू आशीर्वाद देतात, अंगठ्या घातल्या जातात. विहिरीवरच्या कार्यक्रमाचा त्या विधीशी थेट संबंध नसतो. पण तो वगळून लग्न पार पडले, असे जुन्या घरांत कोणी म्हणणार नाही.

विहिरीच्या पाण्याला उंबराचे नाव का, याचे उत्तर झाडाच्या स्वभावात आहे. उंबर ओढ्याकाठी, ओलीच्या जागी वाढतो. जमिनीखाली पाणी कुठे आहे ते शोधताना उंबराकडे पाहावे, ही समजूत फार जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिता’ या ग्रंथात भूजल शोधण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात उंबराचा उल्लेख येतो. कोकणात उंबर दिसला की विहीर खणावी, असे म्हातारी माणसे आजही सांगतात. विहीर, उंबर आणि लग्न हे त्रिकूट त्यातून जमले असावे. उंबराला बारमाही फळ धरते. तेही थेट खोडावर घोसाघोसाने. वंशवाढीची खूण म्हणून याहून बोलके झाड सापडणे कठीण. फूल मात्र कोणाला दिसत नाही, कारण ते फळाच्या आतच असते. एखादी व्यक्ती फार दिवसांनी भेटली तर ‘उंबराचे फूल झालास’ असे आपण म्हणतो, ते याचमुळे.

हिंदू लग्नांतही हे झाड आहेच. मांडव घालताना पहिली मेढ रोवतात तिला मुहूर्तमेढ म्हणतात आणि अनेक ठिकाणी तिला उंबराची किंवा आंब्याची डहाळी बांधतात. पुढे हाच उंबर औदुंबर झाला, दत्ताचा झाला, त्याच्याखाली पादुका आल्या. म्हणजे वसईत एकाच झाडाची ओळख एका घरात दत्तामुळे आहे आणि शेजारच्या घरात नवरीच्या आंघोळीमुळे. झाडाचा मान या दोन्हींपेक्षा जुना असण्याची शक्यता अधिक.

बंदी असूनही प्रथा टिकली कशी?

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर दोनशे वर्षे हा भाग त्यांच्या ताब्यात होता. या काळात मोठ्या प्रमाणावर धर्मांतरे झाली, देवळे पाडली गेली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन म्हणजे धर्मसमीक्षण संस्था स्थापन झाली आणि वसईही तिच्या अधिकारक्षेत्रात होती. नवख्रिस्ती माणूस चर्चला जातो, पण घरी जुनेच वागतो, ही तिची मुख्य तक्रार होती. १७३६ मध्ये या संस्थेने एक लांबलचक आदेश काढला. लग्नात हळद-तेल लावणे, विडे-सुपारी देणे, लग्नाची पारंपरिक गाणी म्हणणे, अंगणात तुळस लावणे अशा गोष्टींना त्यात मनाई होती.

हा आदेश नीट वाचला तर तो बंदीपेक्षा जास्त साक्ष देणारा कागद आहे. धर्मांतराला पाच-सहा पिढ्या उलटल्यानंतरही लोक हळद लावत होते, तुळस ठेवत होते, गाणी म्हणत होते, हे त्यातूनच कळते. जे कोणी करत नाही त्यावर बंदी घालायची गरज पडत नाही. या आदेशानंतर तीनच वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी आप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला आणि या भागातला इन्क्विझिशनचा अंमल संपला. गोव्यात ती संस्था त्यानंतरही अनेक दशके चालू राहिली.

टिकण्याचे दुसरे कारण घराच्या रचनेत आहे. चर्चमधला विधी पुरुष धर्मगुरूंच्या हातात होता, विहिरीवरचा विधी बायकांच्या. पहिल्यावर नजर ठेवता येत होती, दुसऱ्यावर फारशी नाही. गाणी पाठ होती, लिहिलेली नव्हती, त्यामुळे जप्त करण्यासारखे काही नव्हते. सासूकडून सुनेकडे गेलेली गोष्ट धर्मपीठाच्या हुकमाने एकदम सुटत नाही. शिवाय शेती तीच होती, विहीर तीच होती, भाषा तीच होती. नव्या भाताचे पहिले लोंबे आधी देवाला दाखवायचे ही पद्धत ‘आगेरा’ या सणाच्या रूपाने चर्चमध्ये गेली. ऑक्टोबरच्या सुमारास नवे भात चर्चमध्ये नेऊन त्यावर आशीर्वाद घेतला जातो. हिंदू घरांत नवान्न, ख्रिस्ती घरांत आगेरा.

विसाव्या शतकात चर्चचीच भूमिका बदलली. १९६२ ते १९६५ या काळातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्थानिक भाषा आणि संस्कृतीला उपासनेत जागा दिली. वसईत मिस्सा मराठीत होऊ लागला. ज्या हळदीवर कधीकाळी बंदी होती ती आता समाजाच्या सांस्कृतिक महोत्सवांत अभिमानाने मांडली जाते. एका अर्थाने हा नवा धोकाही आहे. मंचावर दाखवण्यासाठी केलेली गोष्ट आणि घरात करावीच लागते म्हणून केलेली गोष्ट यांत फरक असतो.

‘पेगन’ म्हणजे नेमके कोण?

अशा प्रथांना युरोपीय अभ्यासकांनी ‘पेगन’ म्हटले. लॅटिन ‘पागानुस’ या शब्दाचा मूळ अर्थ खेड्यातला माणूस. शहरे ख्रिस्ती झाली, खेडी मागे राहिली, म्हणून खेडूत तो पेगन. मराठीत त्याला नेमका प्रतिशब्द नाही आणि ते बरेच आहे, कारण आपल्याकडे ग्रामदैवताची पूजा करणाऱ्याला वेगळ्या धर्माचा मानण्याची रीत नाही.

युरोपातही झाडांवरून मोठे संघर्ष झाले. आठव्या शतकात संत बोनिफेस यांनी आजच्या जर्मनीत गाइस्मार येथील देवाचा ओक तोडला आणि त्याच्या लाकडातून प्रार्थनाघर उभारल्याची नोंद आहे. त्याआधी, इसवी सन ६०१ मध्ये, पोप ग्रेगरी यांनी इंग्लंडला जाणाऱ्या मिशनऱ्यांसाठी पाठवलेल्या पत्रात वेगळा मार्ग सुचवला होता. जुनी देवळे पाडू नका, मूर्ती काढा, पवित्र पाणी शिंपडा, लोकांना त्याच जागी येऊ द्या. वसईत दोन्ही गोष्टी घडल्या. देवळांच्या बाबतीत बोनिफेस, लग्न आणि पिकांच्या बाबतीत ग्रेगरी.

अशा प्रथांना ‘अवशेष’ म्हणण्याची पद्धत एडवर्ड टायलर यांच्या १८७१ च्या ‘प्रिमिटिव्ह कल्चर’ या ग्रंथापासून रूढ झाली. जुन्या काळातले काहीतरी अर्थ हरवून नुसते शिल्लक राहिले, असा त्यामागचा विचार. वसईतल्या बायकांना तो पटण्यासारखा नाही. त्यांच्यासाठी तो अवशेष नसून उद्याच्या लग्नाची तयारी असते.

पिंपळ कोणाचा?

वसई-विरारमध्ये या प्रश्नाला एकापेक्षा अधिक उत्तरे आहेत. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये तिथल्या ‘बुरुड राजाचा कोट’ या टेकाडाचे उत्खनन केले तेव्हा आतून बौद्ध स्तूप आणि अस्थिपात्र निघाले. त्याच परिसरात सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. बौद्धांसाठी पिंपळ हा बोधिवृक्ष. हिंदूंसाठी तो अश्वत्थ, श्रावणी शनिवारी पूजेचा. गावातल्या पोराटोरांसाठी मात्र तो मुंजाचा. मुंज झालेला पण सोडमुंज न होता गेलेला मुलगा पिंपळावर बसतो, ही भीती आजही संध्याकाळी काम करते. याहूनही मागे गेले तर मोहेंजोदडोच्या एका प्रसिद्ध मुद्रेवर पिंपळाच्या फांद्यांमध्ये उभी असलेली देवता दिसते. ती मुद्रा चार हजार वर्षांहून जुनी आहे. तिचे नाव आज कोणाला वाचता येत नाही, पण पाने ओळखता येतात.

परके झाडही इथे पवित्र होऊ शकते, याचे उदाहरण वसईच्या किल्ल्यातच आहे. तिथली जाडजूड बुंध्याची बाओबाब झाडे मूळची आफ्रिकेतली. समुद्री व्यापारातून ती पश्चिम किनाऱ्यावर आली. मराठीत त्यांना नाव मिळाले गोरखचिंच आणि गोरखनाथांशी नाते जुळले. नाव मिळाले की झाड आपले होते.

हिंदू घरांत झाड देव्हाऱ्याच्याही आधी?

मराठा, कुणबी आणि इतर अनेक जातींमध्ये प्रत्येक कुळाला ‘देवक’ असते. देवक म्हणजे कुळाचे राखणदार चिन्ह. ते बहुतेक वेळा झाड असते, कधी वेल, कधी पीस. कदमांचे कळंब, मोऱ्यांचे मोरपीस ही परिचित उदाहरणे. काही कुळांचे ‘पंचपल्लव’ म्हणजे पाच झाडांचे डहाळे असतात आणि ती पाच झाडे कोणती हे प्रांतागणिक बदलते. लग्नात आधी देवक बसवतात, मग पुढचे विधी. एकाच देवकाच्या घरांमध्ये सोयरीक होत नसे, कारण झाड एक म्हणजे रक्त एक. हा नियम कोणत्याही वैदिक मंत्रात शोधून सापडत नाही. मानववंशशास्त्रज्ञांना त्यात जगभरच्या आदिम समाजांतल्या कुलचिन्हांशी साम्य दिसले आणि आर. ई. एन्थोवेन यांनी मुंबई इलाख्यातल्या जाती-जमातींवरच्या ग्रंथांत देवकांची पुष्कळ नोंद केली.

एन्थोवेन यांनी १९१५ मध्ये कोकणच्या लोकसमजुतींचा एक खंडही प्रसिद्ध केला. त्याची माहिती जमवली होती ए. एम. टी. जॅक्सन यांनी. हे तेच नाशिकचे कलेक्टर, ज्यांच्यावर अनंत कान्हेरे यांनी १९०९ मध्ये गोळ्या झाडल्या. जॅक्सन यांच्या प्रश्नावलीला उत्तरे दिली होती गावोगावच्या शाळामास्तरांनी. झाडे, विहिरी, डोंगर, भुते यांबद्दल लोक काय मानतात, याचा कोकणापुरता तो मोठा जुना दस्तावेज आहे. साहेबाच्या कुतूहलातून तो झाला हे खरे, पण मास्तर लोकांनी लिहून ठेवले नसते तर त्यातले बरेच आज कोणाला सांगता आले नसते.

पालघर जिल्ह्यातल्या गावांची नावे हाही एक दस्तावेजच. उंबरपाडा, वडराई ही नावे ऐकताच झाड डोळ्यांसमोर येते.

वारल्यांचा वाघोबा झाडाखाली का?

वसई तालुक्याच्या पूर्वेला महामार्ग ओलांडला की तुंगारेश्वरचे जंगल सुरू होते. २००३ मध्ये ते अभयारण्य घोषित झाले. वारली, मल्हार कोळी, कातकरी यांची इथे जुनी वस्ती आहे. वारल्यांचा हिरवा देव, नारनदेव, कणसरी माता, पालघाट देवी यांची देवळे बांधण्याची मूळ पद्धत नाही. देव शेतात, कणगीत, डोंगरात, झाडाखालच्या दगडात असतो. लग्नाच्या वेळी सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघाट देवी येते आणि तिच्याभोवती झाडे येतात. पालघाट ही वनस्पतींची आणि सुफळतेची देवी. धवलेरी गाणी म्हणते, ब्राह्मण लागत नाही. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही भिंत कागदावर आणली आणि जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. शहरातल्या दिवाणखान्यात लावलेल्या वारली चित्रातले झाड मुळात सजावट नाही, हे मात्र त्या प्रवासात बऱ्यापैकी विसरले गेले.

वाघोबाचे स्थान म्हणजे कोरलेला लाकडी किंवा दगडी खांब. त्यावर वाघ, सूर्य, चंद्र. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याची पूजा होते. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या भागांतील अशा स्थानांचा अभ्यास वन्यजीव संशोधकांनी केला आणि तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे दीडशे स्थानांची नोंद आहे. बिबट्यासोबत एकाच जागेत राहण्याची एक पद्धत म्हणून संशोधक या पूजेकडे पाहतात. वाघोबाला त्याचा मान दिला की तो गुरांना आणि माणसांना सांभाळतो, असा हा करार आहे. मान चुकला तर दोष माणसाचा.

देवामुळे झाड वाचते का?

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांवर संशोधन केले तेव्हा या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी ‘हो’ असे आले. देवाच्या रानात कुऱ्हाड चालत नाही, वाळलेली काटकीही घरी नेत नाहीत, या नियमांमुळे आजूबाजूचे जंगल गेले तरी देवराई उरली. वड, पिंपळ, उंबर ही सगळी एकाच कुळातली झाडे आहेत. बाकी रानात फळ नसते तेव्हाही यांच्यापैकी कोणाला तरी फळ असते, म्हणून वटवाघळे, पोपट, हरियाल यांचा उन्हाळा निभावतो. लोकांनी पवित्र ठरवलेली झाडे आणि परिसंस्थेला सर्वाधिक गरजेची झाडे यांच्या याद्या इतक्या जुळाव्यात, याला निव्वळ योगायोग म्हणणे अवघड आहे.

पण गेल्या काही दशकांतले चित्र इतके सरळ नाही. झाडाखालच्या तांदळ्याला आधी चौथरा येतो, मग पत्र्याची शेड, मग काँक्रीटचा सभामंडप, मग कळस. ग्रामदेवतेला पुराणातले नाव मिळते. या प्रवासात झाडाची मुळे फरशीखाली जातात, फांद्या कळसाच्या आड येतात म्हणून छाटल्या जातात. पाराला सिमेंटचा गोल कट्टा बांधणे हा तर नगरसेवक निधीतला आवडता प्रकार. पाणी आणि हवा न मिळाल्याने असे झाड आतून पोकळ होते आणि एखाद्या पावसाळ्यात कोसळते. दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढून टाका, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिला होता. वटपौर्णिमेचेही तेच. वडाखाली जायचे तर वड उरला पाहिजे. तो नाही म्हणून फांदी विकत आणतात आणि ज्या वडाची फांदी आली त्याचे नुकसान होते.

राज्यसत्तेनेही हे केले आहे. जपानमध्ये १९०६ नंतर सरकारने गावोगावची छोटी शिंतो देवस्थाने एकत्र करण्याचे धोरण राबवले. हजारो देवस्थाने बंद झाली आणि त्यांच्या राया तोडून विकल्या गेल्या. निसर्गअभ्यासक मिनाकाता कुमागुसु यांनी त्याविरुद्ध लढा दिला. त्यांचे म्हणणे असे की राई गेली तर कीटक-शेवाळेच नव्हे, तर गावाची आठवणही जाते.

वसईत आता काय पणाला लागले आहे?

वसई-विरार शहर महापालिका २००९ मध्ये स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेतच शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन, मुंबई-बडोदा द्रुतगती मार्ग, विरार-अलिबाग मार्गिका असे प्रकल्प याच परिसराशी जोडलेले आहेत. पश्चिम पट्ट्यात जमिनीत पाणी मुरवणारी बावखले ठिकठिकाणी बुजवली गेली. विहिरी खाऱ्या होणे आणि टँकरने होणारा उपसा यांविरुद्ध हरित वसईचे आंदोलन १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून उभे राहिले. त्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो अग्रभागी होते. विहीर गोडी राहिली नाही तर तिच्या काठचा उंबर आणि त्या उंबराच्या नावाने आणायचे पाणी, दोन्ही कुठून येणार?

कायद्यात याला थोडी जागा आहे. महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रातील वृक्षसंरक्षण कायद्यात, म्हणजे १९७५ च्या कायद्यात, २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे किंवा अधिक वयाच्या झाडाला ‘हेरिटेज’ म्हणजे वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. झाड तोडायचेच झाले तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावावीत, अशी तरतूद आली. वारसा ठरवताना दुर्मिळतेबरोबर ऐतिहासिक, धार्मिक, पौराणिक आणि सांस्कृतिक महत्त्वही विचारात घेता येते. सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २०२४ मध्ये राजस्थानातील ओरण म्हणजे देवरायांची पाहणी करून त्यांना संरक्षण देण्याचे निर्देश दिले आणि देशभरातल्या देवरायांसाठी केंद्राने धोरण आखावे, अशी शिफारस केली. तो निकाल प्रामुख्याने रायांसाठी आहे. विहिरीकाठचा एकटा उंबर, नाक्यावरचा पिंपळ किंवा पाड्यावरचा वाघोबाचा साग त्यात थेट येत नाही. त्यांच्यासाठी वारसा वृक्षाची तरतूद हाच जवळचा मार्ग.

वयाइतकी झाडे लावण्याच्या तरतुदीत एक अडचण उरतेच. दीडशे वर्षांच्या उंबराच्या बदल्यात दीडशे रोपे दुसऱ्या ठिकाणी लावता येतात. त्यांच्याखाली कोणाचा देव असणार नाही आणि त्यांच्या नावाने कोणी विहिरीवर जाणार नाही. वृक्षगणना दर पाच वर्षांनी करावी, असे कायदा सांगतो. गणनेत झाडाची जात, घेर, उंची नोंदवली जाते. ते झाड कोणत्या पाड्याचे, कोणत्या कुळाचे देवक, कोणत्या आळीच्या लग्नांचे, ही माहिती अजूनही भगताकडे आणि विहिरीवर जाणाऱ्या आज्यांकडे आहे. शंभर वर्षांपूर्वी ती शाळामास्तरांनी लिहून घेतली होती. आता गणनेचा ठेकेदार मोबाइलवर फोटो काढतो, बुंध्यावर क्रमांक रंगवतो आणि पुढच्या झाडाकडे जातो.